स्वमग्न व्यक्ती आणि आपत्कालीन सेवा : तंत्रज्ञानाचा वापर

स्वमग्न व्यक्ती आणि आपत्कालीन सेवा यांचा संपर्क सुरक्षित व्हावा यासाठी वापरल्या जाणाऱ्या तंत्रज्ञानात पूर्वनोंदणीचे माहितीकोश, स्थान दाखवणारे मनगटपट्टे, क्यूआर कोड असलेली ओळखपदके, चित्रफलक, लघुसंदेशाने मदत मागण्याची सोय आणि आभासी वास्तवातील प्रशिक्षण यांचा समावेश होतो. पोलीस, अग्निशामक जवान, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी आणि नियंत्रण कक्षात दूरध्वनी घेणारे कर्मचारी हे या साधनांचे एका बाजूचे वापरकर्ते आहेत; दुसऱ्या बाजूला स्वमग्न व्यक्ती व त्यांचे कुटुंबीय आहेत. समोरची व्यक्ती स्वमग्न आहे हे कर्मचाऱ्याला वेळेत कळावे आणि त्या व्यक्तीलाही आपले म्हणणे पोहोचवता यावे, हा या सर्व साधनांचा समान हेतू आहे.

पार्श्वभूमी

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम ही मेंदूच्या विकासाशी निगडित, जन्मभर सोबत राहणारी अवस्था आहे. सामाजिक संप्रेषणातील वेगळेपण, वर्तनातील पुनरावृत्ती आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांविषयीची असाधारण संवेदनशीलता ही तिची प्रमुख लक्षणे होत. तिचे स्वरूप व्यक्तीनुसार बदलते. काही स्वमग्न व्यक्ती उच्चशिक्षित व स्वतंत्रपणे नोकरी करणाऱ्या असतात, तर काहींना बोलता येत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, २०२२ च्या पाहणीवर आधारित अहवालानुसार, पाहणी झालेल्या भागांत आठ वर्षे वयाच्या दर ३१ मुलांमागे एकात स्वमग्नता आढळली.

स्वमग्नतेची कोणतीही ठळक शारीरिक खूण नसते. चाकाची खुर्ची किंवा पांढरी काठी पाहिल्यावर जो बोध तत्काळ होतो, तो येथे होत नाही. त्यामुळे वर्तनाचा अर्थ लावण्याची जबाबदारी पूर्णपणे पाहणाऱ्यावर येते आणि आपत्कालीन प्रसंगी हा अर्थ काही सेकंदांत लावला जातो.

असे प्रसंग विरळ नाहीत. अमेरिकेतील तरुणांच्या एका राष्ट्रीय पाहणीतील माहितीवर आधारलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत सुमारे २० टक्के स्वमग्न तरुणांना पोलिसांनी थांबवून त्यांची चौकशी केली होती, तर सुमारे ५ टक्के तरुणांना अटक झाली होती. ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १,२१८ स्वमग्न मुलांच्या पालकांकडून माहिती घेण्यात आली. त्यांतील ४९ टक्के मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर किमान एकदा सुरक्षित जागा सोडून निघून जाण्याचा प्रयत्न केला होता आणि २६ टक्के मुले काळजी वाटावी इतका वेळ बेपत्ता होती. बेपत्ता झालेल्यांपैकी २४ टक्के मुलांना बुडण्याचा, तर ६५ टक्के मुलांना वाहनाखाली येण्याचा धोका निर्माण झाला होता.

संपर्कातील अडचणी

आपत्कालीन कार्यपद्धती आणि स्वमग्न व्यक्तीची गरज यांत अनेक ठिकाणी थेट विरोध असतो. सायरन, फिरते दिवे, बिनतारी यंत्रातील खरखर, एकाच वेळी बोलणारे अनेक जण आणि अंगाला होणारा अनपेक्षित स्पर्श यांमुळे संवेदनांचा भार असह्य होतो. परिणामी व्यक्ती ओरडते, धावत सुटते, कान झाकून घेते किंवा पूर्णपणे गप्प होते. आज्ञा मोठ्या आवाजात व पुन्हापुन्हा दिल्यास हा भार वाढतच जातो.

नजरेला नजर न देणे, प्रश्नाचे उत्तर देण्यास वेळ लागणे, विचारलेलाच प्रश्न जसाच्या तसा उच्चारणे, हात फडफडवणे, खिशातील आवडती वस्तू चाचपत राहणे ही स्वमग्न व्यक्तींमध्ये नेहमी दिसणारी वर्तने आहेत. पोलिसी प्रशिक्षणात मात्र हीच लक्षणे लपवाछपवी, अवज्ञा, नशा किंवा शस्त्र बाळगल्याचा संशय यांच्याशी जोडलेली असू शकतात. वाक्प्रचारांचा शब्दशः अर्थ घेणे ही आणखी एक अडचण होय. ‘तोंड बंद ठेव’ असे सांगितल्यास व्यक्ती ओठ मिटून उभी राहते आणि पुढच्या प्रश्नाला उत्तरच देत नाही.

अग्निशामक जवानांसमोरील प्रश्न थोडे वेगळे असतात. मुखवटा व प्राणवायूचे नळकांडे घातलेला जवान पाहून घाबरलेले मूल पलंगाखाली किंवा कपाटात लपते. बाहेर काढल्यावरही ओळखीच्या जागेच्या ओढीने ते पुन्हा आगीकडे धावू शकते. वैद्यकीय कर्मचाऱ्यांना वेदनेचा अंदाज घेणे अवघड जाते, कारण काही स्वमग्न व्यक्ती वेदना नेहमीच्या पद्धतीने व्यक्त करीत नाहीत. स्वमग्नतेसोबत अपस्माराचे प्रमाणही सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक असते, त्यामुळे पूर्वीच्या आजारांची माहिती हाताशी असणे महत्त्वाचे ठरते.

महत्त्वाच्या घटना व कायदे

ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील शाळेतून अव्हॉन्टे ओकेंडो हा १४ वर्षांचा, बोलू न शकणारा स्वमग्न मुलगा बाहेर पडला. त्याच्या शोधासाठी पोलिसांनी त्याच्या आईच्या आवाजातील ध्वनिमुद्रित संदेश गाड्यांवरून ऐकवला. जानेवारी २०१४ मध्ये त्याचे अवशेष ईस्ट नदीत सापडले. त्यापूर्वी २००८ मध्ये आयोवा राज्यात केव्हिन कर्टिस विल्स हा नऊ वर्षांचा स्वमग्न मुलगा नदीत बुडून मरण पावला होता. या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा ‘केव्हिन अँड अव्हॉन्टेज लॉ’ हा कायदा मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत संमत झाला. स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण आणि स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्ती बेपत्ता होऊ नयेत, झाल्यास लवकर सापडाव्यात, यासाठी स्थानिक यंत्रणांना प्रशिक्षण व मागोवा-साधनांकरिता अनुदान देण्याची तरतूद त्यात आहे. ही साधने शरीरात न बसवता वापरण्याजोगी आणि काढता येण्याजोगी असावीत, अशी अट आहे.

जुलै २०१६ मध्ये फ्लोरिडातील नॉर्थ मायामी येथे घडलेली घटना वेगळ्या प्रकारची होती. निवासगृहातून निघून गेलेला एक स्वमग्न तरुण हातात खेळण्यातील ट्रक घेऊन रस्त्यात बसला होता. कोणीतरी तो ट्रक बंदूक समजून पोलिसांना कळवले. तरुणाला परत नेण्यासाठी आलेले काळजीवाहक चार्ल्स किन्सी यांनी रस्त्यावर उताणे पडून, दोन्ही हात वर करून ते खेळणे असल्याचे सांगितले; तरीही पोलिसांची गोळी त्यांच्या पायाला लागली. ती वस्तू खेळणे दिसते, असे एका अधिकाऱ्याने बिनतारी यंत्रणेवरून कळवले होते. गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याने तो संदेश आपल्याला ऐकू आला नसल्याचे न्यायालयात सांगितले. २०१९ मध्ये त्याला निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवण्यात आले. २०२२ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. योग्य माहिती घटनास्थळी असूनही निर्णय घेणाऱ्यापर्यंत न पोहोचल्याचे उदाहरण म्हणून या घटनेकडे पाहता येते. फ्लोरिडाने २०१७ मध्ये पोलिसांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणात स्वमग्नतेविषयीचा घटक समाविष्ट करणारा कायदा केला.

तंत्रज्ञानाचे प्रकार

पूर्वनोंदणी व माहितीकोश

या पद्धतीत कुटुंब किंवा स्वतः स्वमग्न व्यक्ती आवश्यक माहिती आधीच नोंदवून ठेवते. छायाचित्र, संपर्क क्रमांक, संवादाची पद्धत, कशाने त्रास होतो, कशाने शांत वाटते, घरातून गेल्यास कुठे जाण्याची शक्यता आहे, औषधे कोणती, असे तिचे स्वरूप असते. अमेरिकेतील ‘स्मार्ट९११’ या सेवेत नोंदणीकृत क्रमांकावरून ९११ ला दूरध्वनी येताच, ही सेवा स्वीकारलेल्या नियंत्रण कक्षात ती माहिती कर्मचाऱ्याच्या पडद्यावर दिसते. फ्लोरिडातील पेन्साकोला पोलिसांनी विकसित केलेल्या ‘टेक मी होम’ उपक्रमात वाटेत भेटलेल्या, नाव-पत्ता सांगू न शकणाऱ्या व्यक्तीचा शोध वर्णन व छायाचित्र यांच्या आधारे घेता येतो. इंग्लंड व वेल्समधील काही पोलीस दलांच्या ‘पेगॅसस’ योजनेत नोंदणी करणाऱ्याला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. दूरध्वनीवर ‘पेगॅसस’ हा शब्द व तो क्रमांक सांगितला की उरलेली माहिती पुन्हा सांगावी लागत नाही.

स्थान दाखवणारी साधने

१९९९ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील चेसापीक येथे सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट लाइफसेव्हर’ या उपक्रमात मनगटावर किंवा घोट्यावर रेडिओ लहरी सोडणारा पट्टा बांधला जातो. पट्ट्यातून ठरावीक अंतराने संकेत निघतो आणि प्रशिक्षित पथक हातातील ग्राहकयंत्राने त्याची दिशा शोधते. जमिनीवरून सुमारे एक मैलापर्यंत हा संकेत पकडता येतो. हेलिकॉप्टरमधून हे अंतर वाढते. उपग्रहाधारित जीपीएस साधनात पालकांना मोबाइलवर मुलाचे स्थान थेट पाहता येते व ठरवलेली सीमा ओलांडताच सूचना मिळते.

दोन्ही पद्धतींच्या मर्यादा परस्परपूरक आहेत. जीपीएसचा उपयोग इमारतीच्या आत व दाट झाडीत कमी होतो, त्याला मोबाइलचे जाळे लागते आणि विजेरी वारंवार भारित करावी लागते. रेडिओ पट्टा भिंती व झाडी यांच्या आडूनही संकेत देतो, विजेरी अनेक आठवडे टिकते; परंतु ग्राहकयंत्र व ते चालवणारे पथक जवळ असल्याशिवाय तो निरुपयोगी असतो. स्पर्शाविषयी अतिसंवेदनशील असलेली मुले पट्टा काढून टाकतात, म्हणून ही साधने कपड्यात किंवा बुटात बसवण्याचे पर्यायही उपलब्ध आहेत. साधन कोणतेही असले तरी शोध घेताना जवळची तळी, नद्या, विहिरी व पोहण्याचे तलाव प्रथम पाहावेत, असा सल्ला या क्षेत्रातील संस्था देतात. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याचे आकर्षण असते.

ओळखपत्रे व खुणा

ओळख पटवणारी काही साधने अगदी साधी आहेत. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात १ जानेवारी २०२० पासून स्वमग्न वाहनचालकांना ‘ब्लू एन्व्हलप’ म्हणजे निळे पाकीट मिळते. वाहन परवाना, नोंदणी व विमा यांची कागदपत्रे त्यात ठेवली जातात. पाकिटावर चालकासाठी व पोलिसांसाठी सूचना छापलेल्या असतात. पोलिसाने गाडी थांबवली की चालक ते पाकीटच पुढे करतो. ब्रिटनमध्ये २०१६ साली गॅटविक विमानतळावर सुरू झालेला, सूर्यफुलांचे चित्र असलेला हिरवा गळपट्टा हा न दिसणाऱ्या अक्षमतांची ऐच्छिक खूण म्हणून पुढे अनेक देशांत स्वीकारला गेला. गळ्यातील पदक किंवा मनगटपट्टा यांवरील क्यूआर कोड मोबाइलने टिपल्यास कुटुंबाचा संपर्क क्रमांक मिळतो.

शब्दांविना संवाद

पर्यायी व संवर्धित संप्रेषण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनांत चित्रांवर बोट ठेवून वाक्य तयार करता येते आणि टॅबलेट ते मोठ्याने उच्चारतो. बोलू न शकणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने असा टॅबलेट म्हणजे तिचा आवाजच असतो. झडती किंवा अटकेच्या वेळी तो काढून घेतल्यास तिची बोलण्याची क्षमताच हिरावली जाते; हात पाठीमागे बांधल्यानेही तोच परिणाम होतो. रुग्णवाहिका व पोलीस वाहनांत ठेवण्यासाठी ‘कुठे दुखते?’, ‘पाणी हवे’, ‘थांबा’, ‘आईला बोलवा’ अशा आशयाचे छापील चित्रफलकही तयार केले जातात. त्यांना वीज किंवा जाळे लागत नाही.

दूरध्वनीवर बोलणे अवघड जाणाऱ्यांसाठी लघुसंदेशाची सोय उपयुक्त ठरते. मुळात प्रामुख्याने कर्णबधिर व वाचादोष असलेल्या व्यक्तींसाठी विकसित झालेली ही सेवा ब्रिटनमध्ये २००९ पासून उपलब्ध आहे. तिच्यासाठी आपला क्रमांक ९९९ कडे आधी नोंदवावा लागतो. अमेरिकेत २०१४ पासून मोबाइल कंपन्यांनी ९११ वर लघुसंदेश पोहोचवण्याची व्यवस्था केली. मात्र तो स्वीकारण्याची सोय संबंधित नियंत्रण कक्षात असावी लागते.

आभासी वास्तवातील प्रशिक्षण

स्वमग्न व्यक्तींना पोलिसांशी होणाऱ्या संभाव्य भेटीचा सराव सुरक्षित वातावरणात करता यावा, यासाठी ‘फ्लोरिओ’ या कंपनीने आभासी वास्तवातील प्रसंग तयार केले. डोळ्यांवर चढवलेल्या संचात रस्ता व पोलीस अधिकारी दिसतो. प्रशिक्षक बाहेरून प्रसंगाची काठिण्यपातळी बदलतो. फिलाडेल्फिया येथील बालरुग्णालयातील संशोधकांनी १२ वर्षे व त्यावरील वयाच्या, बोलू शकणाऱ्या ६० स्वमग्न व्यक्तींवर घेतलेल्या चाचणीत ही पद्धत सुरक्षित व व्यवहार्य असल्याचे आढळले. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

उलट दिशेने, पोलिसांना स्वमग्न व्यक्तीच्या जागी उभे करून प्रसंग दाखवणारे आभासी प्रशिक्षणही उपलब्ध आहे. हा आवाज इतका मोठा का वाटतो, उत्तर सुचायला वेळ का लागतो, याची कल्पना त्यातून यावी अशी अपेक्षा असते.

भारतातील स्थिती

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये मान्य केलेल्या २१ अक्षमतांमध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. या कायद्याच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींच्या तपशिलाची नोंद ठेवणे आणि धोक्याच्या परिस्थितीची माहिती त्यांना मिळावी यासाठी उपाय योजणे बंधनकारक आहे. पूर्वनोंदणीच्या व्यवस्थेला लागणारा कायदेशीर आधार त्यामुळे उपलब्ध होतो. दिव्यांगांसाठीच्या वैश्विक ओळखपत्राचाही ओळख पटवण्यासाठी उपयोग होऊ शकतो.

पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांच्यासाठी ११२ हा एकच क्रमांक २०१८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. या व्यवस्थेत नियंत्रण कक्षाकडून घटनेचा तपशील पोलीस वाहनातील पडद्यावर पाठवला जातो. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईतील वरळी भागातून हरवलेला, बौद्धिक अक्षमता असलेला १२ वर्षांचा मुलगा कुलाबा परिसरात पोलिसांना सापडला. त्याला आपली माहिती सांगता येत नव्हती. गळ्यातील पदकावरील क्यूआर कोडच्या साहाय्याने पोलिसांनी त्याच्या कुटुंबाशी संपर्क साधला.

संप्रेषणाच्या साधनांत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभिकल्प विभागाने विकसित केलेले ‘जेलो’ हे विनामूल्य अ‍ॅप मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालते. परदेशी चित्रफलकांतील खाणे, पोशाख, नाती यांची चित्रे भारतीय मुलांना अपरिचित वाटतात. स्थानिक भाषेतील साधनांचे महत्त्व यातून स्पष्ट होते.

मर्यादा व आक्षेप

माहितीकोशाची उपयुक्तता त्यातील नोंदी किती ताज्या आहेत यावर अवलंबून असते. कुटुंबाने घर बदलले, मुलाचे छायाचित्र पाच वर्षांपूर्वीचे राहिले, तर नोंद दिशाभूल करू शकते. शिवाय नोंद केवळ नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर राहून घटनास्थळी जाणाऱ्या कर्मचाऱ्यापर्यंत न पोहोचल्यास तिचा उपयोग होत नाही. एखाद्या पत्त्यापुढील ‘येथे स्वमग्न व्यक्ती राहते’ ही सूचना अप्रशिक्षित कर्मचारी ‘येथे धोका आहे’ अशीही वाचू शकतो; मग मदतीसाठी केलेली नोंदच अधिक सावध व आक्रमक प्रवेशाचे कारण ठरते.

खासगीपणा हा दुसरा मुद्दा आहे. वैद्यकीय माहिती पोलिसांच्या हाती सोपवणे अनेक कुटुंबांना जोखमीचे वाटते. मागोवा घेणारा पट्टा लहान मुलासाठी संरक्षण असतो. सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत मात्र तिची संमती नसल्यास तो पाळतीचे साधन बनतो. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार, कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी त्या पालकाची पडताळणीयोग्य संमती घेणे आवश्यक ठरवले आहे.

तिसरा आक्षेप जबाबदारीच्या वाटपाविषयी आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये ‘दुहेरी सहानुभूतीची समस्या’ ही संकल्पना मांडली. स्वमग्न व इतर व्यक्ती यांच्यातील गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, केवळ स्वमग्न व्यक्तीच्या उणिवेमुळे नव्हे, असे तिचे सार आहे. या दृष्टीने पाहता, पोलिसांसमोर कसे वागावे हे फक्त स्वमग्न व्यक्तींना शिकवणारी, ओळखपत्र बाळगण्याचे ओझे फक्त त्यांच्यावर टाकणारी साधने अपुरी ठरतात. घाबरलेल्या अवस्थेत शिकलेला क्रम विसरला जातो. आणि पोलिसांसमोर खिशातून ओळखपत्र काढण्यासाठी केलेली हालचाल स्वतःच संशयास्पद ठरू शकते.

म्हणून यंत्रणेकडून अपेक्षित असलेले वर्तन सर्वच प्रशिक्षणांत जवळपास समान आढळते : सुरक्षित असल्यास सायरन व दिवे बंद करणे, एकाच व्यक्तीने बोलणे, लहान व सरळ वाक्ये वापरणे, उत्तरासाठी थांबणे, स्पर्श करण्यापूर्वी सांगणे, हातातील वस्तू अनावश्यकपणे हिसकावून न घेणे आणि ओळखीच्या माणसाला जवळ येऊ देणे. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी यंत्राची आवश्यकता नाही. समोरची व्यक्ती स्वमग्न आहे हे आधी कळल्यास या गोष्टी करण्यासाठी अवधी मिळतो आणि तो अवधी मिळवून देणे हेच या क्षेत्रातील तंत्रज्ञानाचे मुख्य कार्य मानता येते.